जुना लॅपटॉप वाट कशाची पाहतो?

पेठ वडगावच्या आमच्या एका शिक्षकमित्राने शाळेसाठी कोल्हापुरातून जुना लॅपटॉप आणला. दुरुस्त करून पुन्हा विकायला ठेवलेल्या अशा यंत्रांना दुकानात 'रिफर्बिश्ड' म्हणतात. किंमत परवडली, पण बटण दाबल्यापासून काम सुरू होईपर्यंत तासिकेतली पाच मिनिटे जाऊ लागली. "यात कोणता भाग नवा घालू?" असे त्याने विचारले. आम्ही म्हटले, "आधी हे यंत्र वाट कशाची पाहते ते शोधू."

साखर कारखान्याचे उदाहरण घेऊ. ऊस फडातून येतो, गव्हाणीत पडतो आणि मग गाळला जातो. गव्हाणीत ऊसच नसेल, तर गाळणारी यंत्रे कितीही दमदार असोत, ती रिकामी फिरतात. लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क हा फड, रॅम ही गव्हाण आणि प्रोसेसर हे गाळणारे यंत्र. 'टास्क मॅनेजर' उघडून पाहिले, तर डिस्क १०० टक्के व्यग्र आणि प्रोसेसर जवळजवळ रिकामा! अडचण फडाकडे होती.

असे का होते? त्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्यास सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती शीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद थांबावे लागते. शीर्ष योग्य वर्तुळावर नेण्यास आणखी ११-१२ मिलिसेकंद जातात. एकूण झाले सुमारे १७. म्हणजे विखुरलेले तुकडे वाचायचे तर सेकंदाला साठाच्या आसपासच वाचून होतात आणि यंत्र सुरू होताना असे हजारो तुकडे लागतात. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. तेथे हाच वेळ एक दशांश मिलिसेकंदाच्या घरात येतो. आम्ही हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली. तेच यंत्र मिनिटाच्या आत सुरू होऊ लागले.

मग रॅमकडे वळलो. रॅम ४ जीबी होती. ती भरली की यंत्र जास्तीची माहिती डिस्कवर ठेवते आणि पुन्हा संथ होते. येथे आमचीच चूक झाली. डीडीआर३ जातीची पट्टी आणली. खाच जुळली, पट्टी बसली, पण यंत्र सुरू होईना. त्याला १.३५ व्होल्टवर चालणारी डीडीआर३एल हवी होती; आमची १.५ व्होल्टची होती. जुन्या पट्टीवरचा मजकूर वाचला असता, तर एक फेरी वाचली असती.

सगळेच भाग बदलता येत नाहीत. अलीकडच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसर मदरबोर्डला डाख देऊन कायमचा जोडलेला असतो, काहींत रॅमही. म्हणून पैसे देण्यापूर्वी हे दोन भाग पाहावेत. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. त्याहून जुन्या यंत्रावर लिनक्स घालावे. ते विनामूल्य मिळते आणि त्यात मराठीही लिहिता येते.

झाकण उघडण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढा, यंत्र बंद करा, चार्जर काढा आणि शक्य तितक्या लवकर बॅटरी सोडवा. जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावून अंगावरचा स्थिर विद्युतभार घालवा. आपल्याला चटका जाणवतो तो सुमारे ३,००० व्होल्टना. चिप मात्र त्याहून कमी व्होल्टनेही बिघडू शकते. बॅटरी फुगलेली दिसली तर तिला टोचू नका, ते यंत्र वापरू नका. ती कचऱ्यातही न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

वर्गासाठी एक प्रयोग सुचवतो. भाग बदलण्यापूर्वी आणि नंतर यंत्र सुरू होण्याचा वेळ विद्यार्थ्यांना घड्याळ लावून पाच-पाच वेळा मोजू द्या व सरासरी काढू द्या. एका वेळी एकच भाग बदला. दोन भाग एकदम बदलले, तर फरक कशाने पडला हे कळणार नाही. आमच्या प्रयोगशाळेतही हाच नियम आहे.