कण्याचं नृत्य

1952 साली मद्रासमध्ये एका तरुणीचं अरंगेत्रम, म्हणजे मंचावरचं पहिलं जाहीर नृत्य, होतं. रायलसीमेत दुष्काळ पडला होता आणि कार्यक्रमाची मिळकत दुष्काळनिधीला जायची होती. गुरू कांचीपुरम एल्लप्पा पिळ्ळै 'मथुरा नगरीलो' गात होते. यमुनेचं भरलेलं पात्र, त्यातली जलक्रीडा, अंगावर उडणारं पाणी हे सगळं नर्तकीला हातांतून आणि डोळ्यांतून दाखवायचं होतं. नाचता नाचता तिला वर्तमानपत्रातले फोटो आठवले. भेगाळलेली जमीन, हातात डबे घेऊन पाण्यासाठी लागलेल्या रांगा. ती क्षणभर गोठली. पाणी नाही म्हणून भरवलेल्या कार्यक्रमात आपण पाण्याची चैन नाचून दाखवतो आहोत, ही विसंगती त्या तरुणीला, चंद्रलेखांना, पुढे जन्मभर पुरली. त्या क्षणाबद्दल त्या नंतरही सांगत राहिल्या.

चंद्रलेखा प्रभुदास पटेल यांचा जन्म 6 डिसेंबर 1928चा, महाराष्ट्रातल्या वाडा इथला. कुटुंब गुजराती, वडील डॉक्टर. कायद्याचं शिक्षण अर्ध्यावर टाकून त्या भरतनाट्यम शिकायला मद्रासला गेल्या आणि तिथल्याच झाल्या. कवी हरींद्रनाथ चट्टोपाध्यायांचा सहवास, भरतनाट्यम नर्तकी बालसरस्वतींच्या नृत्याचा प्रभाव, मग 1960 मधली 'देवदासी', सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची 'नवग्रह'. नाव होत होतं, बोलावणी येत होती. अशा वेळी त्यांनी मंच सोडला.

पुढची दहा-बारा वर्षं त्या जवळजवळ नाचल्याच नाहीत. चित्रकार-डिझायनर दशरथ पटेल आणि पत्रकार सदानंद मेनन यांच्यासोबत त्यांनी मद्रासमध्ये 'स्किल्स' हे केंद्र चालवलं. तिथे पोस्टर छापली जात, कार्यशाळा होत, स्त्रीचळवळीचं काम चाले. 1982 मध्ये त्यांच्यावर आणि मेनन यांच्यावर राजद्रोहाचा आरोपही आला. तो नंतर मागे घेतला गेला. या वर्षांकडे त्यांच्या नृत्यजीवनातली पोकळी म्हणून पाहण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही. बायकांच्या शरीरावर सत्ता कोणाची, हा प्रश्न त्या पोस्टरवर रंगवत होत्या तेव्हाच त्यांच्या पुढच्या नृत्यरचनांची तयारी चालू होती.

जानेवारी 1984 मध्ये मुंबईत एनसीपीएमध्ये 'ईस्ट-वेस्ट डान्स एन्काउंटर' भरलं. मॅक्सम्यूलर भवनच्या गेऑर्ग लेश्नर यांनी युरोपातले आणि भारतातले नृत्यकार एकत्र आणले होते. त्यात चंद्रलेखा पुन्हा मंचावर आल्या. वय पंचावन्न, केस पांढरे, डोळ्यांत काजळ आणि कपाळावर ठसठशीत कुंकू. तिथून वर्षभरात, 1985 मध्ये, 'अंगिका' उभी राहिली आणि भारतीय नृत्यातला एक मोठा वाद सुरू झाला.

'अंगिका'त नेमकं काय होतं? खरं तर काय नव्हतं, हे आधी सांगायला हवं. दागिने नव्हते, जरीचा शिवलेला पोशाख नव्हता, कृष्णाची वाट पाहणारी नायिका नव्हती, भुवया उडवून सांगितलेली गोष्ट नव्हती. उरलं होतं ते शरीर. सोबत योग आणि केरळची युद्धकला कलरीपयट्टू आली. कलरीत हत्ती, सिंह, सर्प यांच्या पवित्र्यांना 'वडिवु' म्हणतात. शरीर जमिनीलगत आणायचं, बूड खाली, पाय रोवलेले, आणि तिथूनच झेप घ्यायची. भरतनाट्यमचं अरैमंडी पाहा: गुडघे बाहेर वळवून अर्धं बसलेलं, दोन्ही मांड्यांचा चौकोन होतो ते आसन. कलरीचा पवित्रा आणि अरैमंडी शेजारी ठेवले की नातं डोळ्यांना दिसतं. चंद्रलेखा त्या आसनाला 'मंडल' म्हणत आणि आपल्या नृत्याचा सारा डोलारा त्यावरच उभा करत.

आधुनिक नृत्य म्हटलं की पश्चिमेकडून काहीतरी आणावं लागतं, असा समज आपल्याकडे घट्ट होता. त्यांनी काहीच आणलं नाही. परंपरेवर साचलेली सजावट आणि भाबडी भक्ती खरवडून काढली आणि खाली जी भूमिती होती ती उघडी केली. परंपरेचा अपमान केला असा आरोप त्यांच्यावर झाला. माझ्या मते, भरतनाट्यमच्या पायाभूत आसनावर इतका भरवसा टाकणारा नृत्यकार त्या पिढीत दुसरा नव्हता.

1989 मध्ये त्यांनी भास्कराचार्यांची 'लीलावती' नाचवली. बाराव्या शतकातला गणिताचा ग्रंथ! पण त्यातली उदाहरणंच मुळी चालती-फिरती आहेत. भुंग्यांच्या थव्याचा पाचवा हिस्सा कदंबावर, तिसरा दुसऱ्या फुलावर, या दोन हिश्श्यांतल्या फरकाची तिप्पट तिसऱ्या झाडावर, आणि एक भुंगा हवेतच घिरट्या घालतो. तर एकूण भुंगे किती? पंधरा. मराठी वाचकाला हा ग्रंथ परका नाही. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे, आणि तो उजेडात आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची 'श्री' मात्र मला त्यांची सर्वांत धारदार रचना वाटते. त्यात बायका कंबरेत मोडल्यासारख्या वाकून, मान खाली घालून, जमिनीलगत सरकत मंचभर फिरतात. कोणी कोणाला मारत नाही, कोणी रडत नाही. दिसतो तो वाकवलेला कणा, आणि ती चाल इतका वेळ चालते की बघणाऱ्याचीही पाठ अवघडते. पुढे तोच कणा मणक्यामणक्याने सरळ होत जातो आणि एकीमागे एक उभ्या राहिलेल्या बायकांच्या हातांमधून बहुभुज देवीची आकृती तयार होते. देवीचं सामर्थ्य आकाशातून उतरत नाही, ताठ उभ्या राहिलेल्या पाठीतून येतं.

2001 मधली 'शरीर' ही शेवटची रचना. एक स्त्री, एक पुरुष, आणि गुंदेचा बंधूंचं ध्रुपद. हालचाल आलापाइतकी संथ. जमिनीवर बसलेल्या स्त्रीचे पाय विलक्षण सावकाश उघडतात आणि त्रिकोण होतो. कामभाव आणि अध्यात्म यांच्यामध्ये आपण घालून ठेवलेली भिंत इथे कुठेच नाही. पुरुषाच्या भूमिकेत कलरीत तयार झालेले शाजी जॉन होते. स्त्रीची भूमिका पुढे वर्षानुवर्षं केली ती तिशानी दोशी यांनी. त्या कवयित्री, चंद्रलेखांकडे येण्यापूर्वी नृत्याचं रीतसर शिक्षण झालेलं नव्हतं.

30 डिसेंबर 2006 रोजी चेन्नईत चंद्रलेखा गेल्या. इलियट्स बीचवरच्या त्यांच्या घराच्या आवारात नर्तक-नाटकवाल्यांचा सराव त्यानंतरही चालू राहिला. त्यांच्याकडे नाचलेल्या पद्मिनी चेत्तूर यांनी स्वतःचं, आणखी काटेकोर, समकालीन नृत्य घडवलं. आणि 'शरीर'चे प्रयोगही थांबले नाहीत. अरंगेत्रम न केलेली एक बाई ते करत राहिली.