मागितलेला भाव आणि मिळालेला भाव

नवलाख उंबऱ्यातल्या पोरांनो, जुनी क्रिकेट अटॅक्स किंवा पोकेमॉन कार्डं सापडली की ईबेवरचा मोठा आकडा बघून हुरळू नका. तो विक्रेत्याने मागितलेला भाव. मागायला काय जातंय! 'सोल्ड आयटम्स' फिल्टर लावा, म्हणजे झालेले सौदे दिसतील. पोकेमॉनसाठी टीसीजीप्लेअर या कार्डविक्रीच्या संकेतस्थळाचा 'मार्केट प्राइस'ही प्रत्यक्ष विक्रीवरूनच काढलेला असतो.

खरा घोळ दर्जाचा. पीएसए या दर्जा ठरवणाऱ्या कंपनीकडून १० पैकी १० मिळालेल्या, सीलबंद कार्डाचा भाव दप्तरात मळलेल्या कार्डाला लावायचा नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये १.२६ कोटी डॉलरला गेलेलं बेसबॉलपटू मिकी मँटलचं १९५२ चं कार्ड एसजीसी या अशाच दुसऱ्या कंपनीच्या ९.५ दर्जाचं होतं. तुमचं दुमडलंय का, ते आधी बघा! आणि कार्ड विकत घ्यायचं असेल, तर परदेशातून मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क वेगळं धरा.