पोपटी आणि झाकणाची कोळसा-शेगडी : मंद पाकक्रियेतील वाफ व धग

रायगड जिल्ह्यात, तसेच ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील आगरी वस्त्यांत हिवाळ्यात लावली जाणारी पोपटी सामान्यतः भाजण्याचा प्रकार समजली जाते. वस्तुतः ती मुख्यत्वे वाफवण्याची क्रिया होय. हा भेद लक्षात न घेतल्यास अख्ख्या मांसावरील प्रयोग फसतात.

वालाच्या शेंगा भरल्या की मातीच्या मडक्यात भांबुर्ड्याचा पाला अंथरून शेंगा, ओवा, जाडे मीठ, अंडी, बटाटे व मसाला लावलेली कोंबडी यांचे थर दिले जातात. पाणी वा तेल घातले जात नाही. तोंड पाल्याने गच्च बंद करून मडके उपडे ठेवतात आणि भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या पेटवतात. उपडे ठेवण्यात मोठे व्यावहारिक शहाणपण आहे. पाल्यातून व शेंगांतून निघणारी वाफ हवेपेक्षा हलकी असल्याने वर, म्हणजे मडक्याच्या बुडाकडे, साठते व हवेला खाली पाल्यातून बाहेर लोटते. थंड मांसावर या वाफेचे पाणी होताना दर ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी उष्णता मुक्त होते. त्यामुळे कोवळी कोंबडी तासाभरात शिजते.

बोकडाची अख्खी मांडी मात्र एवढ्या वेळात शिजत नाही. तिच्यातील संयोजी ऊतकांत कोलॅजन विपुल असते. त्याचे जिलेटिन होण्यास ७० अंश सेल्सिअसच्या वर दीर्घकाळ उष्णता लागते. पेंढ्याचा जाळ तितका टिकत नाही.

ही उणीव झाकणाची गोल शेगडी, म्हणजे ‘केटल ग्रिल’, भरून काढते. शिकागोच्या जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ मध्ये धातूच्या बोयाचा गोल कापून ती घडवली. निखारे एका बाजूस व मांस दुसऱ्या बाजूस ठेवून हवेची छिद्रे अर्धवट मिटली की कोळसा भडकत नाही, धुमसत राहतो आणि आतील हवा ११० ते १३० अंशांवर कित्येक तास ठेवता येते. परंतु येथे हवा कोरडी असते. मांसाच्या पृष्ठभागावरील पाण्याचे बाष्पीभवन होऊन ते थंड होते, आणि आतील तापमान ६५-७५ अंशांच्या दरम्यान बराच काळ अडते. पाहुणे ताटावर बसलेले असताना अधीर यजमान याच वेळी निखारे वाढवतो. बाहेरचा थर करपतो, आतील कोलॅजन तसेच राहते. त्याऐवजी मांस पानांत वा अॅल्युमिनियमच्या पत्र्यात घट्ट गुंडाळल्यास बाष्पीभवन थांबते. एका अर्थी शेगडीच्या आत पोपटीच तयार होते.

कोंबडीच्या जाडसर भागात, हाडाजवळ, ७४ अंश तापमान गाठणे सुरक्षिततेसाठी आवश्यक असते. शेतातल्या पोपटीला न भेडसावणारी एक अडचण सदनिकांत उद्भवते. धुमसता कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. या वायूला वास नसतो. त्यामुळे काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत ही शेगडी पेटवणे प्राणघातक ठरू शकते. तिची जागा इमारतीच्या उघड्या गच्चीवर किंवा अंगणातच.