मेगापिक्सेलच्या पलीकडचा कॅमेरा

आष्टीहून फोटोग्राफी शिकायला नगर-पुण्याची वाट धरणारा विद्यार्थी कॅमेऱ्याच्या दुकानात पहिला प्रश्न बहुधा एकच विचारतो, ‘मेगापिक्सेल किती?’ मेगापिक्सेल म्हणजे चित्रातल्या बिंदूंची संख्या. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख बिंदू. बिंदू जास्त म्हणजे फोटो चांगला, हा समज मात्र अपुरा आहे.

फोटोचा दर्जा बराचसा सेन्सरवर (प्रकाश टिपणारी चिप) आणि लेन्सवर ठरतो. पावसात अंगणात तांब्या आणि घमेलं शेजारी ठेवलं, तर घमेल्यात पाणी जास्त साठतं. मोठ्या सेन्सरचंही तसंच. मेगापिक्सेल हे त्या घमेल्यातले कप्पे. कप्पे वाढवून पाणी वाढत नाही. फुल-फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमीचा असतो, एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६ मिमीचा, तर मोबाइलचा त्याहून कितीतरी लहान.

बिंदूंची गरज तरी किती? ८ × १२ इंची छपाईला, इंचाला ३०० बिंदू धरले, तरी ९ मेगापिक्सेलपेक्षा कमीच लागतात.

म्हणून शिकणाऱ्याने मॅन्युअल मोड (सगळी मापं हाताने ठरवण्याची सोय) आणि लेन्स बदलता येणारा, २४ मेगापिक्सेलच्या आसपासचा एपीएस-सी कॅमेरा घ्यावा. जुना असला तरी चालेल. मात्र शटर काउंट (शटर किती वेळा उघडलं तो आकडा) तपासावा. वाचलेल्या पैशांतून ५० मिमी, एफ/१.८ (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप; आकडा लहान, तितकं छिद्र मोठं) लेन्स घ्यावी. एफ/५.६ च्या तुलनेत ती जवळपास दहापट प्रकाश आत घेते. सांजवेळच्या वरातीत हाच फरक कामी येतो.