जांबोरीवर वाघ, केबिनमध्ये शेळी

आमच्या मजल्यावरच्या तात्यांचा औरंगजेब बघायला नायगावहून लोक यायचे. वरळीच्या जांबोरी मैदानावर मंडळाचं नाटक असलं आणि माईक बंद पडला, तरी तात्यांचा आवाज शेवटच्या रांगेतल्या शेंगदाणेवाल्यापर्यंत पोचायचा. हेच तात्या ऑफिसात साहेबांच्या टेबलावर फाइल ठेवून, तोंडातून ब्र न काढता, मागल्या पावली केबिनबाहेर यायचे. शिपायाचा क्लार्क व्हायची खात्याची परीक्षा त्यांनी तीनदा सोडली. त्यांच्या बायकोने, काकूंनी, विषय काढला की उत्तर ठरलेलं : "आपल्याला काय करायचंय साहेब होऊन? आणि ते इंग्रजी नोटिंग कोण तुझा बाप लिहिणार?"

मजल्यावर निकाल लागून गेला होता. स्वभावाला औषध नाही. पण स्वभाव म्हणावा तर कुठला? मैदानावरचा की केबिनमधला?

या कोड्याचं उत्तर शोधण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो. 'मर्यादा फक्त तुमच्या मनात असतात' असं व्यासपीठावरून सांगणाऱ्यांना मी आमच्या खोलीत एक रात्र काढायला लावली असती. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात बांधलेल्या या चाळी. एकट्या वरळीत तेव्हा १२१ इमारती, तळमजला अधिक तीन मजले, इमारतीत ८० खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. त्यात आम्ही आठ जण. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही आमच्याकडे शिकवण नव्हती, मोजमाप होतं. पाय जास्त पसरला की तो कपाटाला नाहीतर काकाच्या बरगडीला लागायचा.

अशा भिंतीच्या मर्यादेवर इलाज असतो, पण तो जागेतच सापडतो असं नाही. परळच्या डबक चाळीत रामजी आंबेडकर पोराला लवकर झोपवत, स्वतः जागे राहत आणि रात्री दोनला त्याला अभ्यासाला उठवून मग आडवे होत. जागा वाढवता येत नव्हती, म्हणून त्यांनी तास वाटून घेतले. भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले.

तात्यांची अडचण या जातीची नव्हती. परीक्षेला बसायला जागा लागत नाही, धीर लागतो. आणि धीर आमच्या चाळीत कधीच खचला होता.

आमच्या आधीच्या पिढीने १८ जानेवारी १९८२चा संप बघितला होता. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले, आणि त्यातले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. त्यानंतर चाळीतल्या घराघरांत एकच मंत्र ऐकू येई : आहे ती नोकरी धरून ठेव, नसत्या भानगडीत पडू नकोस. हात पोळलेल्या माणसांचं हे शहाणपण होतं, त्याला हसायचं कारण नाही. पण संप विरून गेला, गिरण्यांच्या जागी मॉल आले, तरी मंत्र तसाच राहिला. बापाचा पोळलेला हात मुलगा जपत बसला.

याला मानसशास्त्रात जुना दाखला आहे. १९६७च्या सुमारास अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. (आज ते कुणी करू देणार नाही, आणि बरंच आहे.) ज्या कुत्र्यांना विजेचे झटके थांबवण्याचा काहीच मार्ग नव्हता, ती पुढे बुटकी फळी ओलांडून सुटता येत असतानाही बहुतेक जागीच पडून राहिली. यावरून कित्येक वर्षं समजूत होती की हतबलता शिकली जाते. २०१६ साली याच दोघांनी स्वतःचा सिद्धांत उलटा केला. त्रास लांबला की गप्प पडून राहणं ही मेंदूची मुळातली रीत आहे. शिकावं लागतं ते 'माझ्या हातात काही आहे' हे. त्या कुत्र्यांना गोंजारून, आमिष दाखवून भागत नसे. गळपट्ट्याला धरून फळीपलीकडे ओढावं लागे, एकदा नाही, अनेकदा. मग ती आपण होऊन उडी मारत.

आता मैदान आणि केबिन. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली मांडलं की 'मला जमेल' हा विश्वास सरसकट नसतो, कामागणिक वेगळा असतो. तो धीराच्या शब्दांनी थोडा वाढतो, आपल्यासारख्या दुसऱ्याचं जमलेलं बघून आणखी वाढतो. पण सगळ्यांत पक्का होतो स्वतः करून बघितल्यावर. तात्यांनी नाटकं केली होती पंधरा. इंग्रजी वाक्य साहेबासमोर बोलले होते शून्य. केबिनमधली शेळी ही त्या शून्याची शेळी.

त्यांना गळपट्ट्याला धरून ओढलं काकूंनी. चौथ्या वेळी फॉर्म त्यांनीच आणला, आणि एक वाक्य बोलल्या : "नाटकातलं उर्दू तरी तुम्हाला कुठे येत होतं?"

हे मात्र लागलं. तात्यांनी नोटिंगची नक्कल उतरवून काढली. रात्री दहानंतर, पॅसेजमधल्या पिवळ्या बल्बखाली तालीम. मी पाचवीत, म्हणून प्रॉम्प्टर मी. वहीत देवनागरीत लिहिलेलं असे : 'सबमिटेड फॉर ऑर्डर्स प्लीज.' 'पेपर्स मे काइंडली बी सीन.' तात्या हात मागे बांधून, औरंगजेबाच्याच ठेक्यात म्हणायचे आणि 'काइंडली'वर हमखास अडायचे. नळावर निघालेल्या बाया तोंडाला पदर लावून जायच्या. ऑफिसात त्यांनी रोज एकच वाक्य बोलायचं ठरवलं. पहिल्या दिवशीचं 'गुड मॉर्निंग सर' साहेब खिडकीकडे तोंड करून उभे असताना त्यांच्या पाठीला झालं. गोविंदा पथक सरावाला पहिल्याच दिवशी आठ थर लावत नाही, हे वरळीकराला सांगावं लागत नाही.

हसू होण्याची भीती अशीच, हसू करून घेत घालवायची असते. अल्बर्ट एलिस यांनी विशीच्या उंबरठ्यावर स्वतःचा बुजरेपणा मोडायला न्यूयॉर्कच्या बागेत महिनाभरात शंभरएक अनोळखी बायकांशी बोलायचा सपाटा लावला. भेटायला तयार झाली एकच, तीही आली नाही. पण आभाळ कोसळलं नाही, आणि त्या न कोसळलेल्या आभाळातून पुढे अख्खी उपचारपद्धत उभी राहिली. कि. मो. फडके यांनी ती विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून मराठीत आणली. अंजली जोशींची 'मी अल्बर्ट एलिस' ही कादंबरीही आहे. तात्यांनी यातलं काही वाचलं नव्हतं. ते पहिल्या खेपेला नापास झाले, दुसऱ्या खेपेला पास. निवृत्त झाले ते हेड क्लार्क म्हणून.

१४ ऑगस्ट २०२५ला वरळीच्या पहिल्या ५५६ रहिवाशांना नव्या टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. तात्यांचं कुटुंब त्यांत आहे. घर एकविसाव्या मजल्यावर. तात्या आता अठ्ठ्याहत्तरचे, आणि लिफ्टला घाबरतात. काकू बरोबर असल्या तर डोळे मिटून जातात. एकट्याने जायचा सराव मात्र सुरू केलाय, आठवड्याला दोन मजले. मी गेलो तेव्हा बाराव्यापर्यंत पोचले होते. काकू तिथे पिशवी घेऊन उभ्या होत्या.