अर्धी खोललेली गाडी कुणाच्या जागेत उभी आहे?

अंगणातला कायदा : लेखांक 9

मागच्या आठवड्यात आपण घराच्या ओट्याची हद्द मोजली. आज ओट्यासमोर उभ्या असलेल्या गाडीकडे वळू. गंगापूरच्या जुन्या वस्तीतून चालत निघालात, की वर्षानुवर्षं जागची न हललेली एखादी गाडी दिसतेच. कुठे राजदूत, कुठे ट्रॅक्टर, कुठे जीप.

अशीच एक जीप डोळ्यांसमोर आणा. चारही चाकं काढलेली, एक्सलखाली विटांची चवड, बॉनेट भिंतीला टेकवलेलं. इंजिन उतरवून ओसरीत पोत्यावर ठेवलंय आणि सिलिंडरमध्ये धूळ जाऊ नये म्हणून त्याच्या तोंडात चिंध्या कोंबल्या आहेत. नट-बोल्ट रंगाच्या रिकाम्या डब्यांत आहेत. प्रत्येक डब्यावर खडूनं लिहिलंय : गिअरबॉक्स, पुढचा ब्रेक, स्टिअरिंग. इतकी निगा घेणाऱ्या माणसाला ही जीप भंगारात घालायची नसते. यंदा कापसाचे पैसे आले की रिबोअर, पुढच्या वर्षी डेंटिंग-पेंटिंग, असा त्याचा हिशेब असतो. आपल्या तालुक्यात हे वेड नवं नाही. 1985 साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्यामागून औद्योगिक वसाहत वाढली आणि हातात पाना धरणारी एक पिढीच इथे तयार झाली.

शेजारच्या घराची तक्रारही तितकीच खरी आहे. त्यांची रिक्षा वळत नाही, पावसाळ्यात टायरमध्ये पाणी साचतं. मग भांडण होतं आणि दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, ‘‘गाडी बंद आहे, तिला कसला कायदा?’’ दुसरा म्हणतो, ‘‘बंद गाडी दारात ठेवताच येत नाही.’’ दोन्ही वाक्यं चूक आहेत.

पहिलं वाक्य आधी घेऊ. मोटार वाहन कायदा, 1988 मधल्या कलम 2(28) मध्ये मोटार वाहनाची व्याख्या आहे. बॉडी न चढवलेली नुसती चासीसुद्धा तिच्यात येते. म्हणजे चाकं काढली, पत्रा उतरवला, तरी विटांवरची ती जीप कायद्याच्या लेखी वाहनच राहते. जुगाडाचीही गत तीच. मोटारसायकलचं किंवा पाणी उपसायचं इंजिन गाड्याला जोडून केलेलं जुगाड हेही मोटार वाहनच आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये दिला. राजस्थानातल्या खटल्यातला हा निकाल आपल्या शिवारातल्या जुगाडालाही लागू आहे.

आता दुसरं वाक्य. अमेरिकेतल्या कित्येक शहरांत न चालणारी गाडी स्वतःच्या घरापुढेही रस्त्यावरून दिसेल अशी ठेवता येत नाही. आपल्या मोटार वाहन कायद्यात तसं कलम नाही. आपल्याकडे गाडी कशी दिसते यापेक्षा ती कुठे उभी आहे याला महत्त्व आहे. तुमच्या मालकीच्या अंगणात, कुंपणाच्या आत ती पाच वर्षं खोललेली राहिली, म्हणून कुणी उचलून नेणार नाही. मात्र तिच्यावर पक्कं टिनशेड घालायचं असेल तर आधी नगर परिषदेत विचारा. बांधकामाच्या नियमांप्रमाणे घराभोवती मोकळं सोडलेलं सामासिक अंतर आपल्या मर्जीनं झाकता येत नाही.

हद्द ओलांडली की चित्र पालटतं. सार्वजनिक जागी गाडी बेवारस किंवा देखरेखीविना 10 तास उभी राहिली, तर गणवेशातला पोलीस अधिकारी ती उचलायला लावू शकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 127 नं त्याला तो अधिकार दिला आहे आणि उचलण्याचा खर्च मालकाच्या माथी येतो. गल्ली बोळाएवढी असली, पुढे बंद होत असली, तरी लोकांना तिथे जाण्याचा हक्क असेल तर ती सार्वजनिक जागाच. शिवाय 1965 च्या नगर परिषद कायद्यानं रस्त्यावरचे अडथळे हटवण्याचा अधिकार नगर परिषदेला दिला आहे. तालुक्यातल्या खेड्यांत तोच अधिकार ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 53 नुसार ग्रामपंचायतीकडे असतो. रस्ता अडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम 285 मध्ये 5,000 रुपयांपर्यंत दंड आहे.

बहुतेक भांडणांचं मूळ असतं हद्दीच्या समजुतीत. ‘गटारापर्यंत आमचंच’ असं आपण पिढ्यान्‌पिढ्या धरून चालतो. पण गटार नगर परिषद बांधते, ते तुमच्या मालकीची रेघ ठरवत नाही. ती रेघ मिळकत पत्रिकेत आणि मोजणीच्या नकाशात सापडते. जीप खोलायच्या आधी तो कागद काढा आणि टेप लावून पाहा. पुढचा बंपर दीड फूट गल्लीत येत असेल तर तेवढा दीड फूट तुमचा नाही.

बंद गाडीपासून कसला धोका, असं वाटणाऱ्यांनी सातारा जिल्ह्यातली 1987 ची घटना लक्षात ठेवावी. पुणे-बंगळूर महामार्गावर पहाटे पेट्रोलचा टँकर ट्रकला धडकून उलटला. गळणारं पेट्रोल भरून घ्यायला आसपासचे लोक जमले आणि काही तासांनी स्फोट होऊन माणसं मेली. टँकर चालत नव्हता, म्हणजे तो ‘वापरात’ नव्हता, असं विमा कंपनीच्या बाजूनं मांडलं गेलं. सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्ये ते फेटाळलं. वाहन थांबलेलं असो, बिघडून पडलेलं असो, ‘वापर’ या शब्दात तेही येतं, असं न्यायालयानं ठरवलं. विमा संपलेली, टाकीत पेट्रोल राहिलेली गाडी गल्लीत सोडणाऱ्यानं हा निकाल ध्यानात घ्यावा. इंजिन उतरवताना टाकी रिकामी करा, बॅटरी काढा.

यानंतर येतात कागद. गाडी थांबली तरी आरसी बुकाची मुदत थांबत नाही. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण. 1 एप्रिल 2022 पासून नूतनीकरणाची फी दुचाकीला 1,000 आणि मोटारीला 5,000 रुपये झाली. 20 वर्षांपलीकडच्या गाड्यांसाठी ती ऑगस्ट 2025 मध्ये दुप्पट केली गेली. उशीर झाला तर नियमांप्रमाणे दुचाकीला दरमहा 300 आणि इतर खासगी गाड्यांना 500 रुपये जादा आकार आहे. जीप तीन वर्षं विटांवर राहिली आणि मुदत त्याआधीच संपलेली असली, तर नुसता उशिराचा आकार 18,000 होतो. पर्यावरण कर वेगळा. गाडी तयार झाली आणि पासिंगपाशी अडली, असं होतं ते यामुळे.

ब्रिटनमध्ये 1998 पासून सोय आहे : गाडी रस्त्यावर आणणार नाही असं सरकारला कळवायचं, मग तेवढ्या काळाचा कर लागत नाही. आपल्याकडे टेम्पोवाले ज्याला ‘नॉनयूज’ म्हणतात ते याच जातीचं. महाराष्ट्राचा 1958 चा वाहनकर कायदा वापरात असलेल्या किंवा वापरासाठी ठेवलेल्या गाडीवर कर लावतो. म्हणून ठरावीक काळानं कर भरावा लागणारी गाडी बंद ठेवणार असाल, तर आरटीओला आधी लेखी कळवा. नंतर कळवून फायदा होत नाही.

दुरुस्ती आणि बदल यांतही फरक आहे. जुनं इंजिन उघडून बसवणं ही दुरुस्ती. पेट्रोल जीपला डिझेल इंजिन बसवणं किंवा चासी कापून लांब करणं हा बदल. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसी बुकातल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठणकावलं. इंजिन बदलायचंच असेल तर आधी आरटीओची मंजुरी घ्या. गाडी मूळ रूपात राखलेली आणि 50 वर्षांहून जुनी असेल, तर जुलै 2021 च्या नियमांप्रमाणे तिला ‘व्हीए’ अक्षरांचा विंटेज क्रमांक मिळू शकतो. ती मग प्रदर्शनाला नेता येते, रोजच्या कामाला नाही. आणि गाडी कायमची संपलीच असेल, तर 14 दिवसांत कळवून नोंदणी रद्द करून घेणं कलम 55 नं मालकावर टाकलेलं आहे.

शेवटची गोष्ट शेजाऱ्यांची. उघड्या टायरमध्ये साचलेल्या वाटीभर पाण्यात डेंगीच्या डासाची पैदास आठ-दहा दिवसांत पुरी होते. गाडी तुमच्या अंगणात असली तरी डास कुंपण मानत नाही. लोकांच्या आरोग्याला बाधा पोहोचते असं दिसलं, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली उपविभागीय दंडाधिकारी उपद्रव हटवण्याचा आदेश काढू शकतात. तिथवर जायची पाळी येऊ नये. टायर आडवे न टाकता छपरात टांगा, ताडपत्रीला उतार द्या, आठवड्याला एक कोरडा दिवस पाळा. बजाजनगरसारख्या ठिकाणी सोसायटीत राहत असाल, तर गाडी खोलायच्या आधी सर्वसाधारण सभेचा पार्किंगचा ठराव वाचा, कारण तिथलं अंगण सगळ्यांचं आहे.

शेजाऱ्यांनाही एक विनंती. अर्ज लिहिण्याआधी एकदा त्या घरी जाऊन ‘गाडी कधी होणार?’ असं विचारा. कदाचित पुढच्या रविवारी तिला आत ढकलायला चार हात कमी पडत असतील. आणि गाडीच्या मालकानं आज संध्याकाळी दोन कामं करावीत : टेप घेऊन हद्द मोजावी आणि आरसी बुक उघडून मुदतीची तारीख पाहावी. गाडी पुरी व्हायला कितीही वर्षं लागोत, ही दोन्ही कामं अर्ध्या तासाची आहेत.

(पुढील लेखांकात : सामाईक भिंतीवर हक्क कुणाचा?)