लोहचुंबक आणि बोअरचे पाणी

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील बोअरच्या पाण्याचा गुणधर्म प्रामुख्याने भूगर्भातील खडकावरून ठरतो. लातूर जिल्हा आणि नांदेडचा पश्चिम भाग काळ्या बेसाल्टवर वसलेला असून, त्याच्या भेगांतून मुरणाऱ्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळत असल्याने साबणाला फेस येत नाही आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. अशा पाण्याला जड किंवा दुष्फेन पाणी म्हणतात. पूर्वेला, तेलंगणाच्या सीमेलगत, देगलूर, बिलोली, किनवट या बाजूस बेसाल्टचे आवरण विरळ होत जाऊन ग्रॅनाइटसारखे कितीतरी जुने खडक उघडे पडतात आणि त्यांतील खनिजांमधून फ्लोराइड पाण्यात उतरते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आलेल्या रेल्वेच्या पहिल्या फेरीने लातूरला सुमारे पाच लाख लिटर पाणी आणले, तेव्हा या प्रदेशाची तहान देशाने पाहिली; एरवी मात्र ती मोठ्या प्रमाणात बोअरच भागवतात.

अशा ठिकाणी पाइपभोवती लोहचुंबक बसवला की क्षार नाहीसे होतात, किंवा चुंबकावर ठेवलेले पाणी प्यायल्याने सांधेदुखी आणि मूतखडा बरा होतो, हे दावे सहज पटतात. यांतील पहिल्या दाव्याला निदान इतिहास आहे. बेल्जियममध्ये १९४५ साली वर्मेरेन यांनी बॉयलरमधील थर रोखण्यासाठी चुंबकीय उपकरणाचे पेटंट घेतले आणि त्यानंतरच्या काही प्रयोगांत, वाहते पाणी चुंबकीय क्षेत्रातून गेल्यावर चुन्याचे स्फटिक वेगळ्या रूपात तयार होतात असे दिसले. इतर प्रयोगांत तसे काहीच आढळले नाही. परिणाम दिसला तरी कॅल्शियम पाण्यातच राहते, म्हणून पाण्याचा जडपणा तसूभरही घटत नाही.

आरोग्याच्या दाव्याला मात्र आधार नाही. पाणी प्रतिचुंबकीय आहे, म्हणजे चुंबक त्याला अत्यंत क्षीणपणे दूर लोटतो. आंद्रे गाइम आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये नेदरलँड्समधील नाइमेखन येथे जिवंत बेडूक हवेत तरंगवून दाखवला, त्यासाठी सुमारे १६ टेस्ला इतके प्रचंड क्षेत्र लागले. एमआरआय यंत्रात रुग्ण दीड ते तीन टेस्लाच्या क्षेत्रात असतो आणि तेथे शरीरातील पाण्याच्या हायड्रोजनची केंद्रके किंचित एका दिशेला कलतात, परंतु क्षेत्राबाहेर येताच काही सेकंदांत हा कल नाहीसा होतो. पाण्याच्या रेणूंमधील बंध तर सेकंदाच्या अब्जांश भागापेक्षाही कमी वेळात तुटतात व जुळतात, त्यामुळे बाटलीतील पाणी चुंबकाचा संस्कार पोटापर्यंत टिकवून ठेवील, हे संभवत नाही. रक्तातील लोह हिमोग्लोबिनमध्ये बांधलेले असल्याने खिळ्याप्रमाणे चुंबकाकडे ओढले जात नाही.

अशा दाव्यांची कसोटी जुनीच आहे. ‘प्राणिज चुंबकत्वाने’ रोग बरे करण्याच्या फ्रान्झ मेस्मर या वैद्याच्या दाव्याची १७८४ साली पॅरिसमध्ये चौकशी झाली, तेव्हा बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए यांच्या समितीने एका रुग्ण स्त्रीला न सांगता साध्या पाण्याचे पेले दिले. साध्या पाण्याने तिला झटका आला, आणि ‘चुंबकित’ पाणी तिने शांतपणे पिऊन टाकले.

जड पाण्याने संसारात कटकट होते, पण जिवाला सहसा धोका नसतो. फ्लोराइडचे तसे नाही. भारतीय मानकानुसार त्याचे प्रमाण लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत योग्य आणि पर्यायी स्रोत नसल्यास दीड मिलिग्रॅमपर्यंत सह्य मानले जाते. त्याहून अधिक प्रमाणात वर्षानुवर्षे पोटात गेल्यास मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, सांधे आखडतात, आणि वाकलेली हाडे पुन्हा सरळ होत नाहीत. या पाण्याला रंग, वास किंवा वेगळी चव नसल्याने तपासणीशिवाय दोष कळत नाही, आणि उकळल्याने तो घटण्याऐवजी वाढतो. चुंबकाच्या भरवशावर ही तपासणी राहून गेली, तर त्याची किंमत लहान मुले मोजतात. उपाय उपलब्ध आहेत: नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत पाण्यात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर ठरावीक प्रमाणात ढवळून गाळ तळाशी बसू दिला जातो आणि त्या गाळासोबत फ्लोराइडचा बराच भाग खाली जातो; तुरटीची मात्रा किती, हे मात्र त्या पाण्याच्या तपासणीवरूनच ठरवावे लागते.